ग्रुपवरच्या टाइमपास प्रश्नांना उत्तरं कशी द्यायची, सविस्तर

रविवारी सकाळी कोणीतरी ग्रुपवर टाकतं, "सांगा मंडळी, आयुष्यभर एकच भाजी खायची झाली तर कुठली खाल?" मग येतं "बटाटा", "भेंडी", "मेथी", एक अंगठा, एक हसरा चेहरा, परत "बटाटा", आणि दहा मिनिटांत सगळं थंड. भाजी कळली सगळ्यांची, पण बोललं कोणीच नाही. मला हे फार खटकतं, कारण ज्याने प्रश्न टाकला त्याला काही भाज्यांचा सर्व्हे करायचा नव्हता, त्याला चार माणसं बोलती व्हायला हवी होती. असे प्रश्न म्हणजे गप्पांचं निमित्त. हे एकदा डोक्यात बसलं की उत्तर द्यायची पद्धतच बदलते, मग आपण असं उत्तर देतो की वाचणाऱ्याला त्यातलं काहीतरी धरून पुढे बोलता येतं. खाली जे काही लिहितेय ते सगळं याच्यासाठीच. आमचा ग्रुप पुणे, नागपूर, जळगाव, मस्कत आणि न्यू जर्सी असा पसरलाय, त्यातले बरेचजण एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, तरी कोणाच्या घरी आमटीत गूळ पडतो आणि कोणाच्या नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते या असल्या प्रश्नांमुळेच.

आधी प्रश्न नीट वाचा, तो कसला आहे ते बघा

साधारण चार प्रकार येतात. "हे की ते" वाले, म्हणजे चहा की कॉफी, डोंगर की समुद्र. "असं झालं तर" वाले, टाइम मशीन मिळालं तर, अदृश्य झालात तर. आठवणीचे, म्हणजे पहिला सिनेमा, पहिली सायकल, शाळेच्या डब्यातला आवडता पदार्थ. आणि चौथे विचित्र, "तुम्ही फळ असता तर कुठलं असता". प्रत्येकाला उत्तर द्यायची रीत थोडी वेगळी आहे, पुढे येतेच.

पण त्याच्याही आधी ग्रुपवर वरचे पाच-सहा मेसेज वाचून घ्या. कोणाकडे काही वाईट घडल्याची बातमी असेल, कोणी हॉस्पिटलमधून मेसेज टाकला असेल, तर त्या दिवशी मजेचा प्रश्न असला तरी उत्तर राहू द्या, प्रश्न विचारणाऱ्याला बिचाऱ्याला कदाचित माहीतही नसेल. उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं तरी चालतं.

मग पहिलं सुचलेलं उत्तर घ्या आणि त्याला बारीक करा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे म्हणून इथे जरा थांबते. डोक्यात पहिलं जे आलं ते शक्यतो बदलू नका, ते खरं असतं, विचार करकरून काढलेलं उत्तर भारी दिसतं पण ते तुमचं वाटत नाही. फक्त ते जसंच्या तसं टाकू नका. "वांगं" हे उत्तर नाहीये, ती फक्त सुरुवात आहे. कुठलं वांगं, कसं केलेलं, कुठे, कोणाबरोबर?

आमच्या ग्रुपवर जळगावच्या एका काकूंनी याच भाजीच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर सांगते. त्यांनी लिहिलं की भरीत, पण थंडीतलं, शेतावरचं, ती लांबट पांढरट-हिरवी वांगी कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजलेली, सालं काढून लाकडी बडगीत ठेचलेली, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वरून कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची पुरी. बस, एवढंच. त्याच्यावर किती बोलणं झालं म्हणून सांगू! कळणा म्हणजे काय हे पुण्याच्या लोकांनी विचारलं (ज्वारीत उडीद घालून दळतात ते), मस्कतवाल्याने विचारलं की गॅसवर भाजलेल्याला तो वास का येत नाही, कोणीतरी सांगितलं की जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय टॅगसुद्धा आहे, नागपूरकडून त्यांच्याकडच्या भरताचं वर्णन आलं. "वांगं" एवढंच लिहिलं असतं तर यातलं काहीही घडलं नसतं.

तर नियम असा की उत्तरात एक तरी अशी गोष्ट हवी जी डोळ्यासमोर येते, किंवा जिचा वास येतो, किंवा जी फक्त तुमच्याच घरात तशी होते. एकच पुरे. तीन-चार ओळी. पाचवी ओळ आली की थांबा, कारण मोबाईलवर लोक लांब मेसेजचं "पुढे वाचा" दाबत नाहीत, सरळ खाली जातात. अगदीच खूप सांगायचं असेल तर पहिला मेसेज छोटा टाका आणि कोणी विचारलं की उरलेलं सांगा, विचारतातच.

"हे की ते" आलं तर बाजू घ्या

"मला दोन्ही आवडतं" हे उत्तर देऊ नका, कृपा करून. ते सभ्य वाटतं पण त्यात बोलायला काही उरत नाही. पुरणपोळी दुधाबरोबर की तुपाबरोबर असं विचारलंय तर एक धरा, आणि का ते सांगा, "तूप, कारण दुधात पोळी बुडवली की तिचा खरपूस कडा मऊ पडतो आणि मला तोच कडा खायचा असतो". आता दूधवाले यावर तुटून पडणार, पडू द्या की, त्यासाठीच तर प्रश्न होता, आणि मग कोणीतरी तिसरा येऊन म्हणेल की दोघंही चूक, कटाची आमटीच खरी.

फक्त इथे एक पथ्य आहे आणि ते मी फार मानते. आपली बाजू "मला" ने सुरू करायची, "तुम्ही लोक" ने नाही. मिसळीच्या प्रश्नावर हे हमखास घसरतं. कोल्हापूरवाल्याला झणझणीत कट हवा, पुण्यात खाली पोहे असतात, नाशिकला सोबत पापड येतो, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते, वाटायलाच पाहिजे. पण "मला पोहे घातलेली मिसळ जड होते" आणि "तुम्ही पुण्याची लोकं मिसळीचा चिवडा करता" यात फरक आहे. पहिल्यावर मस्त भांडण होतं, दुसऱ्यावर कोणीतरी गप्प होतं आणि परत बोलत नाही. त्यातून जातीवर, भाषेच्या ढंगावर, मांसाहार-शाकाहारावर जाणारी वाक्यं तर लिहायचीच नाहीत, मजेतही नाहीत, कारण खाण्यापिण्याच्या प्रश्नात हे सगळं दडलेलंच असतं आणि ज्याला लागतं त्याला खोलवर लागतं.

"असं झालं तर" मध्ये नियम मान्य करून टाका

टाइम मशीनच्या प्रश्नाला "असं काही होऊ शकत नाही" हे उत्तर देणारे प्रत्येक ग्रुपवर असतात. त्यांना कळकळीने सांगायचंय, एकदा खेळून बघा. प्रश्नाने जी अट घातलीय ती खरी धरा आणि तिच्या आत शिरा. आत शिरायचं म्हणजे काय, तर तारीख, जागा आणि तुम्ही नेमके कुठे उभे असाल ते सांगायचं.

माझं उत्तर सांगते. १६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीनचा सुमार, मुंबईचं बोरीबंदर. देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी ठाण्याला निघतेय, १४ डबे, आत सुमारे ४०० निमंत्रित, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. पण मला गाडीत बसायचं नाहीये. मला वाटेत रुळांच्या कडेला जी गर्दी जमली होती तिच्यात उभं राहायचंय, कारण बैल न घोडा, आणि तरी एवढा मोठा ताफा समोरून जातोय हे बघताना शेजारची बाई काय म्हणाली असेल ते मला ऐकायचंय. यावर ठाण्याच्या एकाने लिहिलं की तो ठाण्यात थांबेल, गाडी येण्याची वाट बघत, आणि मग प्रत्येकाने आपापली जागा सांगितली.

अशा उत्तरात खरी माहिती घालायची असेल तर टाकण्याआधी तपासा. साल चुकलं की पुढची सगळी चर्चा सालावर जाते आणि तुमचं टाइम मशीन बाजूला राहतं. माहिती पण थोडीच, निबंध नको. वर मी चार गोष्टी सांगितल्या कारण त्यांनी चित्र उभं राहतं, गाडी कुठल्या कंपनीची आणि अंतर किती हे मला सांगावंसं वाटत होतं पण नाही सांगितलं.

फळ असता तर कुठलं, हा चौथा प्रकारही असाच. हापूस म्हणू नका, सगळे हापूसच म्हणतात. मुंबईतल्या एका डॉक्टरबाईंनी "कोकम" लिहिलं होतं, झाडावर असताना कोणी विचारत नाही, वाळल्यावर वर्षभर घरात लागतं. लगेच तिघांनी त्यांना सोलकढीची रेसिपी मागितली.

आठवणीच्या प्रश्नांना थोडं जपून, पण मनापासून

हे आपल्याला नवीन नाहीच म्हणा. दहावीच्या सेंड-ऑफला स्लॅम बुक फिरायचं, आवडता रंग, आवडता हिरो, मोठेपणी काय होणार, माझ्याबद्दल दोन शब्द. आणि त्याच्याही कितीतरी आधी युरोपात मुलामुलींच्या वह्या अशाच फिरायच्या. फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त यांनी १८८० च्या दशकात, शाळकरी वयात, एका मैत्रिणीच्या वहीत अशा प्रश्नांची उत्तरं लिहिली होती, ती वही टिकली आणि २००३ साली पॅरिसमध्ये तिचा एक लाख युरोंच्या वर लिलाव झाला. त्यातली दोन उत्तरं शेजारी ठेवून बघा. कुठे राहायला आवडेल, याला त्याने लिहिलं की आदर्शाच्या प्रदेशात. आणि सगळ्यात मोठं दुःख कुठलं, याला लिहिलं की आईपासून दूर होणं. पहिलं वाचून काही होत नाही, पोराने कुठेतरी वाचलेलं लिहिलंय असं वाटतं. दुसरं वाचलं की तो मुलगा समोर येतो. शब्द दोन्हीकडे मोजकेच आहेत.

म्हणून आठवण सांगताना मोठा शब्द टाळा. "बालपण खूप सुंदर होतं" च्या ऐवजी "मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी वासावरून ओळखायचे, आणि कारलं असलं की डबा शेजारणीकडे सरकवायचे" असं सांगा. लोक लगेच स्वतःचा डबा उघडतात.

किती खोल जायचं? इथे मानसशास्त्रातला एक प्रयोग मला फार उपयोगी पडलाय. अमेरिकेतल्या आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ३६ प्रश्नांची एक यादी छापली, अनोळखी माणसांच्या जोड्या करून त्यांना ते प्रश्न आळीपाळीने विचारायला लावले, साधारण पाऊण तासात. सुरुवातीचे प्रश्न अगदी साधे, म्हणजे फोन करायच्या आधी काय बोलायचं याची मनात उजळणी करता का, असले, आणि हळूहळू ते आत आत जातात. नुसत्या वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना शेवटी एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. त्यातल्या दोन गोष्टी उचला: एक म्हणजे दोघांनीही सांगायचं, एकानेच नाही, आणि दुसरं म्हणजे पायरीपायरीने. ग्रुपवर बाकी सगळे आइस्क्रीमच्या फ्लेवरवर बोलत असताना एकदम घटस्फोटाची गोष्ट टाकली तर लोकांना काय बोलावं कळत नाही आणि तुम्हालाच एकटं वाटतं. पण समजा दुसऱ्या कोणी असं टाकलंच, तर फ्लेवर बाजूला ठेवा आणि आधी त्यांना दोन शब्द लिहा. मेसेज तसाच वर सरकू देऊ नका.

काही उत्तरं द्यायचीच नाहीत

आता हे नीट वाचा, कारण मजेच्या प्रश्नांत हा एक खरा धोका आहे. पहिली शाळा कुठली, पहिल्या पाळलेल्या प्राण्याचं नाव काय, आईचं माहेरचं आडनाव, जन्म कुठल्या गावी, पहिली गाडी कुठली. ओळखीचे वाटतात ना? ईमेलचा किंवा बँकेचा पासवर्ड विसरलात तर काही ठिकाणी सुरक्षेसाठी हेच विचारतात. २००८ मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूचं ईमेल खातं एका कॉलेजच्या पोराने असंच उघडलं, कुठलंही मोठं हॅकिंग न करता, जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याची पहिली भेट कुठे झाली याचं उत्तर, सगळं जाहीर माहितीतून शोधून. आपल्या मोठ्या ग्रुपवर तर कोण कोणाचा नंबर वापरतंय हेसुद्धा धड माहीत नसतं.

याचा अर्थ गप्प बसायचं असा नाही. गोष्ट सांगा, किल्ली देऊ नका. कुत्र्याचं नाव नका सांगू, तो दर पावसाळ्यात बाबांची एकच चप्पल पळवायचा ते सांगा, ते नावापेक्षा जास्त मजेचं आहे. शाळेचं नाव राहू दे, तिथल्या प्रयोगशाळेतल्या सापळ्याला मुलांनी काय नाव ठेवलं होतं ते सांगा. वाढदिवसाला "ऐन श्रावणात" म्हणा, तारीख कशाला. आणि ज्या साइटवर असे सुरक्षेचे प्रश्न आहेत तिथे उत्तर खरं भरायची सक्ती नसते, काहीतरी भलतंच भरा आणि लिहून जपून ठेवा. "तुमच्या जन्मतारखेवरून तुमचं राजघराण्यातलं नाव" असल्या लिंक आल्या तर उघडूच नका, आणि पैशाचा घोळ झालाच तर लगेच १९३० ला फोन करा, तो सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे.

दुसरे नकोसे प्रश्न म्हणजे पगार, लग्न, मूल, वजन. विचारणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा वाईट काही नसतं, म्हणून तिथे खोटं बोलू नका आणि लेक्चरही देऊ नका, शेजारच्या प्रश्नाचं उत्तर द्या. "पगार किती" ला "पहिल्या पगारातून आईला मिक्सर घेतला होता, अजून चालतो, तुम्ही काय घेतलं होतंत?" प्रश्न वळतो आणि कोणाचा अपमान होत नाही. परत परत तेच विचारलं तर ग्रुपवर नाही, वेगळा मेसेज करून सांगा की हे नको.

उत्तर दिल्यावर खरं काम सुरू होतं

बहुतेकजण इथेच थांबतात, आपलं टाकलं आणि गेले. माझं म्हणणं असं की स्वतःच्या उत्तराला जेवढा वेळ दिला तेवढा दुसऱ्या कोणाच्या तरी एका उत्तराला द्या. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ साली संभाषणांचा अभ्यास छापला होता, त्यात दिसलं की समोरच्याने जे सांगितलं त्याच्यावरच पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात. आपल्याला हे घरात माहीतच असतं, "मग पुढे काय झालं?" विचारणारी मावशी सगळ्यांची लाडकी असते.

तर एकच उत्तर निवडा, बोट उजवीकडे सरकवून त्याच मेसेजला रिप्लाय करा म्हणजे कशाला बोललात ते कळतं, आणि त्यातला एक शब्द पकडून विचारा. "छान" नाही, "वा" नाही, "बडगी कुठे मिळते काकू, पुण्यात?" असं. शेवटी "आणि तुमचं?" असं सगळ्यांना उद्देशून टाकण्यापेक्षा एका माणसाला विचारलं तर उत्तर नक्की येतं, "दादा, तुमच्या आजोळी समुद्र आहे ना, तुम्ही डोंगर का निवडला?" ज्याला आपली गोष्ट कोणीतरी लक्षात ठेवलीय हे कळतं तो माणूस पुढच्या वेळी आपणहून बोलतो. वयाने मोठे असतील त्यांना अहो-जाहो ठेवा, ग्रुपवर सगळे सारखे वगैरे ठीक आहे पण पासष्ट वर्षांच्या काकांना एकदम अरे-तुरे केलं की ते बाजूला होतात, सांगत नाहीत एवढंच.

काही छोट्या गोष्टी. पोल टाकला की फक्त आकडे येतात, त्याच्या खाली "का ते पण लिहा" असं टाकाच. व्हॉइस मेसेज अर्ध्या मिनिटाच्या आत, पण आजीची म्हण, लहान मुलाचं उत्तर, गावाकडचा हेल हे लिहू नका, बोलूनच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकल्यापासून १५ मिनिटं तो सुधारता येतो, घाईत नाव-गाव लिहिलं गेलं असेल तर तेवढ्यात काढा.

आणि उशीर. न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा, त्यामुळे आमचा सकाळचा प्रश्न तिकडे झोपायच्या वेळी पोचतो आणि त्यांची उत्तरं आमच्या संध्याकाळी येतात, तोवर इकडे विषय बदललेला असतो. तरी द्या उत्तर, मूळ प्रश्नाला रिप्लाय करून द्या, "उशीर झाला, सॉरी" लिहायचीही गरज नाही. आणि इकडच्यांनी अशा उशिरा आलेल्या उत्तराला एक तरी ओळ लिहायचीच.

ग्रुपवर वर्षभर नुसतं वाचणाऱ्यांसाठी शेवटचं. सुरुवात आठवणीच्या प्रश्नापासून करू नका, "हे की ते" पासून करा, एक बाजू आणि एक कारण, एवढंच. पुढचा असा प्रश्न येईल तेव्हा लगेच टाका, टाइप करून पुसू नका. कोणी तुमच्या उत्तरावर प्रश्न विचारला तर तेवढ्यापुरतं परत या.